तोंडाला कोरड औषधामुळेच पडते का, हे तपासता येते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या आईच्या तोंडाला वर्षभर कोरड पडत होती. बोलता बोलता तिची जीभ टाळूला चिकटे, रात्री दोन-तीनदा उठून पाण्याचा घोट घ्यावा लागे आणि उरलेल्या दातांना मुळाशी कीड लागली होती. वयोमानाने असे होतेच, असे प्रत्येकजण सांगत राहिला आणि ती रोज सहा औषधे घेते याकडे आम्हा घरच्यांचेही लक्ष गेले नाही, याची मला फार खंत वाटते.

लाळग्रंथींना लाळ सोडण्याचा संदेश ॲसिटिलकोलिन या रसायनामार्फत मिळतो. ॲलर्जीवरच्या जुन्या गोळ्या, नैराश्यावरचे ॲमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवी होण्यावरचे ऑक्सिब्युटिनिन अशी औषधे नेमका हाच संदेश अडवतात आणि अशी दोन औषधे एकत्र आली की त्रास वाढतो. तरीही संशय म्हणजे पुरावा नव्हे, कारण मधुमेहाने किंवा तोंडाने श्वास घेण्याच्या सवयीनेही तोंड सुकते.

म्हणून आधी प्रत्येक औषध केव्हा सुरू झाले, मात्रा केव्हा वाढली आणि कोरड केव्हापासून जाणवू लागली, हे तारखांसह लिहून काढावे. शिवाय तोंड कोरडे वाटणे आणि लाळ खरोखरच कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे लाळ मोजून घ्यावी. काही न खाता, न चघळता शांत बसून १५ मिनिटांत तोंडात जमेल तेवढी लाळ मापाच्या भांड्यात सोडायची. ती दीड मिलिलिटरहून, म्हणजे मिनिटाला ०.१ मिलिलिटरहून कमी भरली, तर ग्रंथींचे काम मंदावले आहे असे दंतवैद्य मानतात. लाळेचे प्रमाण दिवसभरात बदलत असल्याने प्रत्येक वेळी मोजणी त्याच सुमारास करावी.

त्यानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली एका वेळी एकच औषध कमी करावे किंवा बदलावे आणि पुन्हा मोजावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करून पाहणे धोक्याचे आहे. रक्तदाबावरचे क्लोनिडिन एकदम थांबवल्यास रक्तदाब उसळतो.

आईची लाळ पहिल्यांदा जेमतेम एक मिलिलिटर भरली होती. डॉक्टरांनी लघवीवरची गोळी बदलल्यावर तीन आठवड्यांनी ती तीन मिलिलिटर भरली. वयस्कर रुग्णाला असे औषध सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांनी ही साधी मोजणी करून तिची नोंद ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक