मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या ताईंस, बिघडलेली हेअर ट्रान्सप्लांट दुरुस्त करणाऱ्या आम्हा डॉक्टरांकडून

प्रिय ताई,

स.न.वि.वि.

बिघडलेलं हेअर ट्रान्सप्लांट दुरुस्त झालं की पेशंट डॉक्टरांचे आभार मानतो, पेढे देतो, फोटो काढतो. मायक्रोस्कोपखाली ग्राफ्ट (मुळासकट काढलेले केसांचे बारीक तुकडे) कापून वेगळे करणाऱ्या तुम्ही तेव्हा आतल्या खोलीत त्यांच्या ट्रे आवरत असता. दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचा निकाल बराचसा त्या ट्रेमध्ये ठरतो, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. ते पेशंटलाही ठाऊक असावं म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहोत.

पहिल्या ट्रान्सप्लांटमध्ये थोडी नासाडी पचून जाते, कारण मागचा डोनर भाग, म्हणजे जिथून केस काढतात ती जागा, भरलेला असतो. माणसाच्या डोक्यामागे एका चौरस सेंटिमीटरमध्ये ढोबळमानाने 70 ते 80 फॉलिक्युलर युनिट (एकत्र उगवणाऱ्या केसांचे पुंजके) असतात आणि प्रत्येकात 1 ते 4 केस. त्यांतली सुरक्षित पट्ट्यातली, म्हणजे टक्कल पडत नाही अशा भागातली, तेवढीच आयुष्यभर टिकणारी म्हणून धरता येतात, आणि तीही सगळी काढता येत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या माणसाचे त्यातले निम्मेअधिक कुणीतरी आधीच उपसलेले असतात. मागची बाजू कसर लागलेल्या लोकरीच्या कापडासारखी विरळ झालेली, आणि पुढे भुवयांच्या फार जवळ एक सरळसोट, दाट, ताठ रांग. मग नवीन हेअरलाइनसाठी, म्हणजे कपाळावरच्या केसांच्या कडेसाठी, केस आणायचे कुठून? त्याच चुकलेल्या रांगेतून. म्हणून पुढून काढलेला प्रत्येक ग्राफ्ट जिवंत राहायला हवा. ही जबाबदारी तुम्ही उचलता.

एक सोपा हिशेब इथे मांडतो, वाचणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून. समजा पुढच्या रांगेत 3 केसांचे 200 ग्राफ्ट चुकीच्या जागी लावलेले आहेत. पंच (ग्राफ्ट गोल कापून काढणारं पोकळ हत्यार) चालवताना आणि मग ग्राफ्ट कापताना 15 टक्के वाया गेले तर 170 हाती लागतात. प्रत्येकाचा एक सिंगल (एका केसाचा) आणि एक डबल (दोन केसांचा) केला की 170 सिंगल मिळतात. नवीन हेअरलाइनचा सगळ्यात पुढचा पट्टा 12 सेंमी लांब आणि अर्धा सेंमी रुंद धरला, चौरस सेंटिमीटरला 30 लावले, तर 180 सिंगल लागतात. म्हणजे पुढचा पट्टा जवळजवळ जुन्याच केसांतून उभा राहतो आणि डबल मागच्या भागाला कामी येतात. हीच नासाडी 40 टक्क्यांवर गेली की 60 सिंगल आधीच रिकाम्या झालेल्या डोनरमधून आणावे लागतात. हा फरक तुमच्या हातातल्या 10 नंबरच्या ब्लेडमुळे पडतो.

सिंगल वेगळा करणं ऐकायला सोपं वाटतं. एका म्यानात गुंफलेल्या तीन मुळांपैकी एक सोडवायचं, तर भोवतीची चरबी आणि आवरण थोडं तरी राखावं लागतं. उघडं पडलेलं बारीक मूळ लवकर सुकतं आणि लावताना चिमट्याच्या दाबाने चुरडतं. म्हणून मुळं घट्ट चिकटलेली असतील तर तुम्ही तो ग्राफ्ट फोडत नाही, तिप्पटच (तीन केसांचाच) ठेवता आणि आम्हाला सांगता, ‘हा पुढे लावू नका, मागे द्या.’ असं टेबलावर स्पष्ट सांगणारं माणूस असणं हे आमचं भाग्य.

पंच चालवण्यापूर्वीचं तुमचं काम तर कुणालाच दिसत नाही. केस 1 ते 2 मिमी इतके आखूड करायचे, म्हणजे प्रत्येकाची दिशा दिसते. मग डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) टेकवून एकेक ग्राफ्ट पाहायचा: किती केस, कुठे झुकलेत, भोवती खड्डा आहे की उंचवटा. खड्डा असेल तर ग्राफ्ट खोल बसवला गेला होता, उंचवटा असेल तर वर राहिला होता. कपाळाच्या बाजूला नैसर्गिक केस त्वचेशी जेमतेम 15 ते 20 अंशांचा कोन करून पुढे झुकलेले असतात. चुकीचे लावलेले केस काटकोनाजवळ उभे असतात. या चुकीला कंगवा आणि जेल पुरे पडत नाही आणि केस जागेवर ठेवून कोन बदलता येत नाही. काढून पुन्हा लावणं हाच उपाय. हेअरलाइनची उंची योग्य असेल आणि फक्त पुढचे ग्राफ्ट जाड असतील, तर मात्र त्यांच्या पुढे सिंगलचा विस्कळीत पट्टा लावून भागतं. हे आधी तपासावं, हा आग्रह तुमचाच. त्यामुळे कित्येक माणसांची विनाकारण काटछाट टळते.

पंचचं गणितही इथे वेगळं असतं. कोऱ्या डोनरमध्ये 0.8 ते 0.9 मिमीचा पंच सहज चालतो. मुळाला धरणाऱ्या स्नायूची पकड सुटली की ग्राफ्ट अलगद वर येतो. एकदा लावलेल्या ग्राफ्टभोवती मात्र व्रणाची ऊती घट्ट धरून बसलेली असते आणि त्वचेखालचं मूळ वरच्या केसाच्या दिशेत असेलच असं नाही. ओढलं की ग्राफ्टची वरची टोपी हातात येते, मूळ आत राहतं. म्हणून बऱ्याचदा 1 मिमी किंवा थोडा मोठा पंच घ्यावा लागतो. तुमची पद्धत अशी: पहिले 10 ग्राफ्ट काढले की आम्ही थांबायचं, तुम्ही ते मायक्रोस्कोपखाली पाहायचे. 2 तुटलेले दिसले तर कोन बदला, 4 दिसले तर पंच बदला. त्याशिवाय अकरावा काढायचा नाही. हे थांबणं आम्ही तुमच्याकडून शिकलो.

साठी ओलांडलेल्या पेशंटांमध्ये अजून जुने प्लग भेटतात. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्रिक यांनी 1959 मध्ये डोनरच्या केसांचा गुण कुठेही लावले तरी टिकतो हे मांडलं, आणि पुढची काही दशकं 4 मिमीचे गोल तुकडे लावले गेले. बाहुलीच्या डोक्यासारखे झुबके दिसतात ते त्यामुळेच. अशा एका झुबक्यात 10-15 केस सहज असतात. त्यातला बराचसा भाग 2 ते 3 मिमीच्या पंचने काढायचा, कडेला मोजके केस राखायचे, जखम टाक्याने मिटवायची आणि काढलेला तुकडा तुमच्याकडे द्यायचा. टेक्सासच्या बॉबी लिमर यांनी 1988 मध्ये स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ग्राफ्ट कापायला सुरुवात केली नसती, तर हे तुकडे कचऱ्यातच गेले असते. तुम्ही त्यातून एकेक युनिट सोडवता. व्रणामुळे मुळं वाकडी झालेली असतात, एक तुकडा सोडवायला नवीन ग्राफ्टच्या कितीतरी पट वेळ जातो, आणि तरीही तुम्ही घाई करत नाही.

तुमच्या टेबलाबद्दल हे काम करणाऱ्या बाकी मुलींनी वाचावं म्हणून सविस्तर लिहितो. पेट्री डिशमध्ये सलाइनने भिजलेलं गॉझ, त्यावर दहा-दहाच्या ओळी, सिंगल, डबल आणि तिप्पट वेगळे. डिश थंड पट्टीवर, साधारण 4 अंशांवर. एसीचा झोत टेबलावर येणार नाही अशी खुर्चीची जागा. कापताना ग्राफ्ट कोरडा दिसला की लगेच थेंब, मूळ कधीही चिमट्यात नाही, पकड वरच्या त्वचेला किंवा कडेच्या चरबीला. ग्राफ्ट मरतो तो मुख्यतः सुकून. उघड्यावर काही मिनिटांत जे नुकसान होतं ते थंड सलाइनमध्ये काही तासांत होत नाही. लिमर यांच्याच चाचणीत थंड सलाइनमधले ग्राफ्ट 2 तासांनी लावले तेव्हा 95 टक्के आणि 24 तासांनी लावले तेव्हा 79 टक्के जगले होते. पण ते धडधाकट ग्राफ्ट होते. दुसऱ्यांदा काढलेला ग्राफ्ट तेवढा खात्रीचा नसतो, म्हणून जुन्या रांगेतले आधी लावायचे आणि डोनरमधले नंतर, हा क्रम तुम्ही घालून दिलात.

पेशंट तुम्हालाच विचारतात, ‘ताई, लेझरने उडवून टाकता येत नाही का?’ येतं. आपल्या सावळ्या त्वचेला 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, आणि पांढऱ्या केसावर ते चालत नाही, तिथे सुईचं इलेक्ट्रोलिसिस (विजेने मूळ नष्ट करणं) करावं लागतं. पण लेझरने केस कायमचा गेला. पंचने तो वाचतो, मात्र कपाळाच्या उघड्या कातडीवर पांढुरका ठिपका राहू शकतो आणि सावळ्या रंगावर तो उठून दिसतो. आमचं मत स्पष्ट आहे: डोनर रिकामा असेल तर पंच, कपाळात फार खाली आलेले थोडेच केस असतील आणि डोनर शिल्लक असेल तर लेझर. पंच करताना लगतचे सगळे ग्राफ्ट एकाच बैठकीत काढायचे नाहीत, एकाआड एक काढून पुढची बैठक काही महिन्यांनी. सगळे एकदम काढले तर जखमा एकमेकींत मिसळून व्रणाची पट्टी तयार होते.

मागच्या बाजूच्या व्रणांचं काम संथ असतं. पट्टी कापून केलेल्या जुन्या शस्त्रक्रियेचा रुंद व्रण त्वचा सैल असेल तरच पुन्हा कापून शिवता येतो. नाहीतर त्यात ग्राफ्ट लावायचे, पण चौरस सेंटिमीटरला 20-25 पेक्षा जास्त नाही, कारण तिथला रक्तपुरवठा तोकडा. आधी 50 ते 100 लावून वर्षभर वाट पाहायची. इथे आणि मधल्या भागात दाढीचे केस उपयोगी पडतात. ते जाड असतात, म्हणून हेअरलाइनवर कधीच नाही. उरलेली विरळ जागा मायक्रोपिगमेंटेशनच्या (त्वचेत शाई टोचण्याच्या) ठिपक्यांनी झाकता येते, फक्त शाई खोल गेली की पसरते आणि निळसर दिसते.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायलाच हवेत. ‘पंच तूच मार, डॉक्टर दुसरीकडे आहेत’ असं सांगणारी ठिकाणं या धंद्यात आहेत, आणि आमच्याकडे येणारी बरीच डोकी तिथूनच येतात. पंच आणि ग्राफ्ट बसवायच्या चिरा हे शस्त्रक्रियेचं काम, ते डॉक्टरनेच करायचं, असं म्हणून तुम्ही जास्त पगाराच्या नोकऱ्या नाकारल्यात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि नुसती कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून हे काम शिकता येत नाही असं स्पष्ट केलं. तुम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून तसंच वागत होता.

दुसऱ्या महिन्यात घाबरलेल्या पेशंटचा फोन आला की तोही तुम्हीच घेता. खपल्या 7 ते 10 दिवसांत पडतात, लावलेले केस 2 ते 6 आठवड्यांत गळतात, मुळं आतच असतात, नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून येतात, खरा निकाल 12 महिन्यांनी. याच कारणासाठी पहिलं ट्रान्सप्लांट होऊन वर्ष झाल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही. हे तुम्ही इतक्या शांतपणे समजावता की माणूस फोन ठेवताना ‘थांबतो ताई’ म्हणतो. मूळचे केस गळायचे थांबलेले नसतात म्हणून फिनास्टेराइड-मिनॉक्सिडिल या औषधांबद्दल डॉक्टरांशी बोला, हेही आठवणीने सांगता.

आता आमच्या बाजूने. तासन्‌तास मान वाकवून बसायचं आणि तक्रार करायची नाही, हे यापुढे चालणार नाही. आयपीसचा (डोळा लावायच्या भिंगाचा) कोन बदलता येईल असा नवीन मायक्रोस्कोप मागवला आहे, खुर्ची तुम्ही स्वतः बसून निवडायची. दर तासाला 10 मिनिटांची सुट्टी वेळापत्रकात लिहिली आहे, आणि त्या वेळात आम्हीही पंच खाली ठेवू. तुमच्याबरोबर दुसरी प्रशिक्षित मुलगी असल्याशिवाय दुरुस्तीची शस्त्रक्रिया घ्यायची नाही, हेही ठरलं. शिकाऊ मुलींना कधीपासून बसवायचं ते तुम्ही सांगा. पहिल्या 10 ग्राफ्टनंतर थांबायचा नियम त्यांना तुमच्याच तोंडून कळू दे.

आपले कृतज्ञ,
दुरुस्तीच्या टेबलावरचे आम्ही सगळे डॉक्टर