चौथा चरण लंगडा नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतलं कवितेचं 'रसग्रहण' वाचलं. रस राहिला बाजूला, ग्रहण मात्र पुरेपूर लागलं.

समीक्षक म्हणतात, 'वेशीपाशी चिंच' या पहिल्या चरणाला, म्हणजे ओळीला, यमक नाही आणि चौथ्या, तोकड्या 'काळाकुट्ट'पाशी कवीचा दम संपला. अहो, कडव्याच्या चार चरणांत सहा, सहा, सहा, चार अक्षरं. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, 'शाळा' आणि 'फळा'. या छंदाला 'मोठा अभंग' म्हणतात. 'सुंदर तें ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया' हे मोजून पाहावं. तुकोबांचाही दम 'ठेवोनिया'शी संपला होता, असं छापण्याची हिंमत आहे का?

पुढे समीक्षकांनी मात्रा मोजल्या आहेत, ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. 'वेशीपाशी चिंच' अकरा, 'डोळ्यांपुढे फळा' दहा, म्हणून 'ग्रामीण जाणिवेला साजेशी सैल घडण'! अहो, छंदात अक्षरं मोजतात, मात्रा नव्हे. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, 'छंदोरचना' या पद्यरचनेवरच्या ग्रंथात वृत्त (ऱ्हस्व-दीर्घाचा ठरलेला क्रम), जाती (मात्रांचं मोजमाप) आणि छंद (अक्षरांचं मोजमाप) हे वर्ग काय हौस म्हणून वेगळे केले? 'चिंच' बोलताना शेवटचा च अर्धा होतो, पण मोजताना तो पुरा. आणि कविता खेड्यातली म्हटली की ती सैलच असणार, हे कुठून आलं?

राग एवढ्यासाठी की हे माझ्या बाबतीत घडून गेलंय. सहावीत असताना वहीच्या मागच्या पानावर मी लिहिलं होतं:

पाण्यामध्ये म्हैस
तिच्या पाठीवरी
आमची सवारी
नदीपार

मला छंदाचं नावही ठाऊक नव्हतं. घरी रोज भजन चालायचं, त्याची चाल कानात होती, एवढंच. मराठीच्या गुरुजींनी वही उचलली, वर्गात मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "शेवटचा पाय लंगडा आहे." मग लाल शाईनं दुरुस्ती केली, 'नदीपार जाई'. वर्ग हसला. मी घरी येऊन ती ओळ भजनाच्या चालीवर म्हणून पाहिली, तर 'जाई' बरोबर टाळाच्या जागेवर येऊन आदळलं. ती दोन अक्षरांची जागा रिकामी असते ती टाळासाठी, हे मला तेव्हा कळलं. गुरुजींना सांगायची छाती झाली नाही. तेव्हा नाही सांगितलं, ते आज तुम्हाला सांगतो आहे. समीक्षकांचा व्यासंग मोठा असेल, त्याबद्दल आदरच आहे. पण एकदा त्यांनी ती कविता टाळ घेऊन म्हणून पाहावी.

जाता जाता आणखी एक. कविता तुम्ही चौकटीत सलग गद्यासारखी छापलीत, चरण कुठे तुटतो ते कळायला मार्ग नाही. वर शेवटचं कडवं सोफ्याच्या जाहिरातीखाली अर्धं गेलंय. रसग्रहणाला मात्र चार रकाने! पुढच्या रविवारी निदान ते कडवं तरी चार ओळींत, नीट छापावं.

आपला,
एक जुना वर्गणीदार