पी.एफ.ची सवलत वरच्यांना, तर वाटा खालच्यांनाही हवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पी.एफ.ची वेतनमर्यादा, म्हणजे ज्या पगारापर्यंत वाटा भरण्याची मालकावर सक्ती असते ती मर्यादा, वाढवावी, ही मागणी अधूनमधून होत असते आणि ती रास्तच आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये ६,५०० वरून १५,००० रुपये झालेली ही मर्यादा पुढे दहा वर्षे उलटली तरी हलली नव्हती. परंतु मर्यादा कितीही वाढवली तरी एक प्रश्न तसाच राहील, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. एखाद्या कारखान्यात निवृत्तीसाठी जो पैसा साठतो, त्यातला किती वरच्या दोन-चार जणांच्या नावे आणि किती बाकीच्या सर्वांच्या नावे आहे, हे आपला कायदा कुठेच विचारत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीतील लघुउद्योगांची पगारपत्रके लिहिण्यात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे हे चित्र मला पाठ आहे. फाउंड्रीत फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करण्याचे काम) करणाऱ्या कामगाराचा एकूण पगार समजा २१,००० रुपये आहे; त्यात मूळ पगार व महागाई भत्ता १४,०००, आणि उरलेले घरभाडे वगैरे. मालकाचा १२ टक्के वाटा १,६८० रुपये होतो. त्यातले १,१६६ पेन्शनकडे वळतात आणि पी.एफ. खात्यात महिन्याला ५१४ रुपये पडतात. शेजारच्या अनुभवी फिटरचा मूळ पगार १९,००० असला तरी मालक १५,००० वरच थांबतो, कारण त्यापुढे देण्याची त्याच्यावर सक्ती नाही. त्याच पत्रकात वरच्या ओळीला १,२०,००० मूळ पगाराचा व्यवस्थापक असतो, बहुधा घरातलाच. त्याच्यासाठी मात्र पूर्ण पगारावर वाटा भरला जातो, म्हणजे वर्षाला १,७२,८०० रुपये, आणि तेही करमुक्त. यात बेकायदेशीर काहीच नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

अमेरिकेतील कंपन्यांच्या निवृत्ती योजनांचे हिशेब तपासण्याचे काम माझी मुलगी बेंगळुरूत करते. तिच्याकडून तिथला ‘टॉप-हेवी’ नियम मी समजून घेतला. योजनेतील एकूण शिलकीपैकी ६० टक्क्यांहून अधिक रक्कम मालक व बड्या अधिकाऱ्यांच्या खात्यांत असल्याचे आधीच्या वर्षअखेरीस आढळले, तर वर्षाच्या शेवटी कामावर असलेल्या इतर पात्र कामगारांच्या खात्यात मालकाला साधारणपणे वेतनाच्या किमान ३ टक्के रक्कम भरावी लागते. वरच्यांना त्याहून कमी दराने मिळाले असेल, तर तेवढ्याच दराने. कामगाराने स्वतः काही भरले नसले तरी हा वाटा चुकत नाही, आणि तो एकूण वेतनावर मोजला जातो, त्यामुळे पगाराचे भत्त्यांत तुकडे करून तो घटवता येत नाही. मालकाची पत्नी, मुले आणि आईवडील योजनेत असतील, तर त्यांची खातीही वरच्यांतच धरली जातात. आपल्याकडचे बहुतेक कारखाने घरचेच असल्याने ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

या तपासणीतून सूट मिळवण्याचा मार्गही तिथे आहे, त्याला ‘सेफ हार्बर’ म्हणतात. मालकाने सर्व पात्र कामगारांना वेतनाच्या ३ टक्के सरसकट दिले, किंवा कामगार भरेल त्यानुसार कमाल ४ टक्क्यांपर्यंत जोड दिली, आणि योजनेत हा वाटा व कामगारांची स्वतःची रक्कम याखेरीज दुसरे काहीच आले नाही, तर २००२ पासून ती योजना टॉप-हेवी धरली जात नाही. त्याच वर्षी मालकाने नफ्यातून जादा वाटा टाकला, तर मात्र ही सूट जाते. यातला जोड देण्याचा पर्याय मला पटत नाही. ज्याला महिनाअखेर गाठणेच कठीण, तो स्वतःहून काही भरत नाही, आणि मग त्याला मिळतही काही नाही. सरसकट ३ टक्के हीच खरी वाट आहे.

आपल्या सरकारनेही वरच्यांना आवर घातलेला आहे, पण तो निराळ्या रीतीने. २०२०-२१ पासून पी.एफ., एन.पी.एस. (राष्ट्रीय पेन्शन योजना) व सुपरअ‍ॅन्युएशन (कंपनीचा निवृत्ती निधी) मिळून मालकाचा वाटा वर्षाला साडेसात लाखांपुढे गेला की जादा रकमेवर कर लागतो. त्यातून सरकारच्या तिजोरीत भर पडते. मच्छेच्या वसाहतीत लेथ चालवणाऱ्याच्या किंवा निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईच्या खात्यात एक रुपयाही येत नाही. विडी उद्योगात तर वाट्याचा दरच १२ ऐवजी १० टक्के आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, वेतनमर्यादेपलीकडच्या पगारावर मालक जो वाटा भरतो, त्याची करसवलत अटीवर द्यावी. ज्या कारखान्यात मर्यादेवरच्या प्रत्येक कामगारासाठी पूर्ण मूळ पगारावर वाटा भरला जातो, किंवा सर्वांना एकूण वेतनाच्या किमान ३ टक्के जादा दिले जातात, तिथेच ती मिळावी. लहान मालकांवर बोजा पडेल हा आक्षेप मी समजू शकतो. परंतु अट फक्त वरच्यांसाठी जादा भरणाऱ्यांनाच लागू होईल, आणि ज्याला तेवढे परवडते त्याच्याबाबत हा आक्षेप टिकत नाही. सीमाभागातील खासदारांनी, त्यांचा पक्ष कोणताही असो, हा मुद्दा श्रम मंत्रालयापुढे लेखी मांडावा. कामगार व मालक यांनी मिळून अर्ज केला, तर मर्यादेवरच्या पगारावर पी.एफ. भरण्याची सोय आहेच. बेळगावच्या उद्योजक संघटनांनी आपल्या सभासदांना तसे परिपत्रक काढून कळवावे, त्यासाठी कायद्यात बदल होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, टिळकवाडी, बेळगाव