आज्जी बरोबर होती, तरीपण

बाळा,

रविवारी फोन ठेवताना तू म्हणालास, आई, सायन्स म्हणजे पण शेवटी श्रद्धाच ना, आज एक सांगतात उद्या दुसरं, आणि लगेच तो व्हिडिओ पाठवलास ज्यात तो माणूस सांगतोय की शास्त्रज्ञ नवीन काही आत येऊच देत नाहीत. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ मी पूर्ण बघितला. राग नाही आला मला, खरंच नाही, पण झोपही लागली नाही नीट. फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस म्हणून टाईप करतेय, लांब होणार आहे, मेसमधून आल्यावर निवांत वाच.

तू आज्जीचं उदाहरण दिलंस ना, की शाळेत न गेलेल्या आज्जीला जे कळलं ते शास्त्रज्ञांना कळलं नव्हतं. तिथूनच सुरू करते.

तुझे आजोबा तेव्हा कोयना धरणाच्या प्रोजेक्टवर होते, कोयनानगरला क्वार्टर मिळालेलं, दगडी भिंतीचं. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं, भूकंप झाला. मामा दोन वर्षांचा, आज्जीच्या कुशीत. आज्जी अजून सांगते, "भित भाईरच्या अंगाला पडली म्हणून वाचलो, आत पडली असती तर तुझी आई जल्मालाच आली नसती". शेजारच्या खोलीतली दोन माणसं गेली. एकूण दोनशेच्या आसपास माणसं गेली त्या रात्री, ६.३ चा भूकंप होता. आणि आज्जीचं ठाम मत पहिल्या दिवसापासून एकच, धरणाच्या पाण्यानं भुई हालली. कारण ६२-६३ पासून शिवसागर, म्हणजे धरणाचा जलाशय, जसा भरत गेला तसं जमिनीतून गुडगुड ऐकू यायला लागलेलं, भांडी वाजायची, बायका पाण्याला गेल्या की हेच बोलायच्या. आणि तिकडे शिकलेली माणसं काय म्हणत होती, तर दख्खनचं पठार म्हणजे पक्का जुना खडक, इथे मोठा भूकंप होत नाही. धरणाच्या डिझाईनमध्ये भूकंपासाठी धरलेला आकडा होता गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट, आणि त्या रात्री धरणातल्याच यंत्रावर जो धक्का नोंदला गेला तो गुरुत्वाकर्षणाच्या अर्ध्याच्या आसपास, म्हणजे दहापट समज. तरी धरण उभं राहिलं, भेगा पडल्या पण फुटलं नाही, नंतर मागून टेकू देऊन भक्कम केलं.

म्हणजे आज्जी बरोबर होती. मी लहानपणी हे अभिमानाने सांगायचे सगळ्यांना, माझी आई शास्त्रज्ञांच्या आधी बरोबर होती म्हणून.

पण एकदा मी तिला नीट बसून विचारलं की अगं कॉलनीत तेव्हा लोक अजून काय काय म्हणत होते. तर म्हणाली, काय न्हाई म्हनलं ते विचार. कुणी म्हणे पाण्यात बुडालेल्या देवळातली देवी कोपली. कुणी म्हणे खाली ज्वालामुखी आहे, आता फुटणार, आणि काही लोक त्या भीतीने सामान बांधून गाव सोडून गेलेसुद्धा. आणि कुणी म्हणे धरणानं झालं. तिन्ही गोष्टी तितक्याच ठामपणे सांगत होते लोक, तितक्याच रडवेल्या आवाजात. आता तू १२ डिसेंबरच्या सकाळी तिथे उभा आहेस, पडलेल्या भिंतींमध्ये, तर तू कशी निवडणार होतास यातली खरी कुठली? आज आपल्याला उत्तर माहितीये म्हणून आज्जीचंच वाक्य आठवतं, बाकीचं सगळं विसरलो. हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

आणि शास्त्रज्ञांनी ऐकलं नाही असंही नाही रे. ते गुडगुड सुरू झालं तेव्हाच, मोठा भूकंप व्हायच्या कितीतरी आधी, खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने तिथे सिस्मोग्राफ बसवलेले. लोकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही, पण ते बोलणं मोजून बघण्याइतकं महत्त्वाचं मानलं, या दोन्हीत फरक आहे आणि मला वाटतं तुझं सगळं भांडण या फरकापाशीच अडलंय. ती यंत्रं नसती तर १९६७ नंतर नुसतं तू म्हण मी म्हण चाललं असतं.

कारण धरणामुळे झालं या म्हणण्यावर आक्षेप होते आणि ते फालतू नव्हते. पाण्याचं वजन आपल्याला प्रचंड वाटतं पण काही किलोमीटर खाली खडकाचं जे वजन आणि जो ताण असतो त्याच्यापुढे ते किरकोळ आहे, मग एवढासा बोजा पडून डोंगर कसा हलेल? आणि धरणच कारण असेल तर बाकीची धरणं का नाही हलवत, आपल्याच देशात भाक्रा कोयनेपेक्षा दुपटीने उंच, ते भरलं तेव्हा असं काही झालं नाही. जगात हजारो मोठी धरणं आहेत. तू असतास तर तूही हेच विचारलं असतंस, आणि विचारायलाच हवं होतं.

मग उत्तर कसं मिळत गेलं ते बघ, एका माणसाने एका दिवशी सिद्ध केलं असं नाही झालं. चीनमध्ये शिनफेंगच्यांगला १९६२ मध्ये, आफ्रिकेत करीबाला १९६३ मध्ये, ग्रीसमध्ये क्रेमास्ताला १९६६ मध्ये, धरण भरल्यावर सहाच्या वरचे भूकंप झालेले. हर्ष गुप्ता, रस्तोगी आणि हरि नारायण या आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये या सगळ्यांचे रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवून बघितले, की मोठ्या धक्क्याच्या आधी लहान धक्के कसे येतात, नंतरचे कसे कमी होत जातात, पाणी चढल्यावर किती दिवसांनी येतात, आणि या भूकंपांची चाल एकमेकांसारखी निघाली पण त्याच भागातल्या साध्या भूकंपांपेक्षा वेगळी निघाली. तिकडे अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराने खोल विहिरीत सांडपाणी सोडलं तर तिथे धक्के बसायला लागले. मग कोलोरॅडोतच रेंजली नावाच्या तेलक्षेत्रात १९६९ पासून मुद्दाम प्रयोग केला, विहिरीतून पाणी आत ढकललं की धक्के वाढायचे, बाहेर खेचलं की विहिरीजवळचे थांबायचे. आणि किती दाबाला सुरू होतील याचाही खडकाच्या नमुन्यांवरून हिशेब केलेला, तो जुळला. मला हा प्रयोग इतका आवडतो, दहावीच्या वर्गात सांगायचे तर पोरं एकदम गप्प व्हायची.

म्हणजे वजनाने नाही होत, निदान मुख्यतः नाही. पाणी भेगांमधून खाली झिरपतं आणि तिथल्या पाण्याचा दाब वाढतो. आपल्या ओट्यावर गरम पाण्याने धुतलेला पेला ओला असताना पालथा घातला की तो आपोआप सरकतो, लहान असताना तू घाबरायचास त्याला, आठवतं? आतली हवा तापून पेल्याला जराशी उचलून धरते, ओट्याची पकड सुटते. तसंच खाली खडकाच्या दोन अंगांची एकमेकांवरची पकड पाण्याच्या दाबाने ढिली होते. पण ताण तिथे आधीच साठलेला पाहिजे, सपाट ओट्यावर कुणी ढकललंच नाही तर पेला लांब जाणार नाही. म्हणून भाक्रा नाही आणि कोयना हो. म्हणून आज्जीचं वाक्य अर्धं बरोबर होतं, धरणानं भूकंप घडवला नाही, तयार असलेला सोडवला. पेपरवाले अजून गोंधळ करतात यात.

तरी मला विचारशील तर खरी खात्री पटली ती वारणेमुळे. वारणा नदीवरचं चांदोलीचं धरण १९८५ पासून भरायला लागलं, कोयनेच्या दक्षिणेला, आणि १९९३ च्या सुमारास पाणी चांगलं वर आलं तसे धक्के दक्षिणेकडे वारणेच्या बाजूला सरकले, पाचच्या वरचे पण झाले. आधी मांडलेल्या गोष्टीला इतकी मोठी परीक्षा कुणी ठरवून देऊ शकलं नसतं. आणि तरीसुद्धा सगळं सुटलेलं नाही, पाणी आठवड्याला १२ मीटरपेक्षा जास्त वेगाने चढलं की पाचच्या वरचा धक्का संभवतो असं निरीक्षण होतं, पुढे दिसलं की नुसता वेग पुरत नाही, आधीची कमाल पातळी ओलांडली का तेही बघावं लागतं. हे असं मागे जाऊन दुरुस्त करणं तुला पलटी मारणं वाटतं. मला उलट यानेच भरवसा वाटतो.

आता माझं सांगते, जे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. मी ९२ ला नोकरीला लागले, भूगोल शिकवायला. पहिल्याच वर्षी वर्गात सांगितलं की कोयना हा अपवाद, तो धरणामुळे, बाकी महाराष्ट्राचं पठार स्थिर आहे, इथे भीती नाही. एकदम खात्रीने सांगितलं, फळ्यावर लिहून दिलं. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक दमून झोपलेले, पहाटे चारला पाच मिनिटं कमी असताना किल्लारी झालं. दगडमातीची घरं, वर मातीची जड माळवदं, जवळजवळ दहा हजार माणसं गेली. नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. त्या आठवड्यात मी वर्गात गेले तेव्हा एका मुलीने हात वर करून विचारलं, बाई तुम्ही तर स्थिर म्हणाला होतात. तिला माझ्यावर ओरडायचं नव्हतं, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही पण तो हात अजून डोळ्यासमोर आहे.

त्या दिवशी मी तुझ्यासारखीच झाले होते, वाटलं की मग कशावरच का विश्वास ठेवायचा. पण नीट बघितल्यावर कळलं की स्थिर हा शब्द मोजून आलेलाच नव्हता. यंत्रं कमी, जुन्या नोंदी तुटपुंज्या, आणि नोंद नाही म्हणजे भूकंप नाही असं धरून चाललेलो आपण. पठाराचा खडक जुना आहे हे खरंच होतं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे तो, पण आपली अख्खी प्लेट, म्हणजे आपण ज्याच्यावर आहोत तो पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, उत्तरेला हिमालयाला रेटतेय आणि तो ताण पठारातल्या जुन्या भेगांवरही येतो. नंतर नकाशा बदलला, २००२ मध्ये तो सगळ्यात कमी धोक्याचा झोन काढूनच टाकला, किल्लारीचा भाग वरच्या झोनमध्ये गेला. कोयनेचाही १९६७ नंतर असाच बदललेला. मेलेली माणसं परत येत नाहीत, हे मला माहितीये, पण नकाशा बदलला म्हणून घर बांधायचे नियम बदलले.

आणि किल्लारीला धरणाचा हात होता का? लोअर तेरणाचा तलाव जवळ आहे, आदल्या वर्षीपासून बारीक हादरे पण बसत होते, म्हणून काही संशोधकांनी ती शक्यता मांडली, बाकीच्यांना पटली नाही, आणि ते तसंच आहे. कोयनेचं उत्तर किल्लारीला चिकटवायचा मोह मला पण होतो. वारणेसारखं काहीतरी तिथे मिळत नाही तोवर मी तुला हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही.

तुझ्या त्या व्हिडिओवाल्याचं एक वाक्य होतं की वेगनर या जर्मन शास्त्रज्ञालाही वेड्यात काढलं होतं. काढलंच होतं. १९१२ मध्ये त्याने खंडं सरकतात म्हणून सांगितलं, १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो वारला तोवर बहुतेकांनी मानलं नव्हतं, आणि हे वाचून मला अजून वाईट वाटतं. पण विरोध करणारे म्हणत होते की तू जी ताकद सांगतोयस ती खंड हलवायला फार फार कमी पडते, आणि त्या मुद्द्यावर ते बरोबरच होते! समुद्रतळाची मोजणी झाली, तळ मधून फाकत जातो हे साठच्या दशकात दिसलं, तेव्हा गाडी पुढे गेली. वेगनरने जीवाश्म दाखवले, खडक जुळवून दाखवले, तपासता येईल असं काहीतरी समोर ठेवलं. तुझ्या व्हिडिओवाल्याने चाळीस मिनिटांत मला एकही गोष्ट अशी सांगितली नाही की जी झाली नाही तर तो मी चुकलो म्हणेल. मी कागद घेऊन बसले होते, कोरा राहिला. आणि त्याने शेवटी पुढच्या महिन्यात अमुक तारखेला भूकंप म्हणून सांगितलं नाही तेवढं बरं, कारण तारीख-वेळ आज जगात कुणालाच सांगता येत नाही, जो सांगतो त्याचा फॉरवर्ड पुढे ढकलू नकोस, आज्जी घाबरते.

सुट्टीत आलास की तुला गोठण्याच्या बाजूला घेऊन जायचंय, जिथवर जाऊ देतात तिथवर. तिथे शास्त्रज्ञांनी जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय, कराडला त्यांची लॅब आहे. सव्वा किलोमीटर लाव्हा आणि त्याखाली थेट जुना ग्रॅनाईटसारखा खडक लागला, मधे गाळाचा थर असेल असं काहींना वाटायचं तो निघालाच नाही. भूकंप जिथे जन्मतो तिथे जाऊन बघायचा त्यांचा विचार आहे, मला तर ऐकूनच अंगावर काटा येतो.

आणि येताना एक वही आण. आज्जी आता ब्याऐंशीची झाली. त्या पहाटे आवाज आधी आला की हादरा आधी, कुठल्या बाजूने आला, भिंत नेमकी कुठल्या दिशेला पडली, अंगणातली विहीर होती तिचं पाणी दुसऱ्या दिवशी गढूळ झालेलं का, हे सगळं मी कधी लिहूनच घेतलं नाही, नुसती गोष्ट ऐकत राहिले. मी विचारलं की ती मला लहानपणचीच गोष्ट सांगते. तू विचारलंस तर नीट आठवून सांगेल.

डबा वेळेवर खात जा.

तुझी आई