गॅरेजवाल्या भाऊंना, आमच्या ओम्नीबद्दल

भाऊ नमस्कार,

तुम्ही स्वतः हे वाचणार नाही माहीत आहे, पोरगा वाचून दाखवेल. तोंडावर आभार मानायला आलो की तुम्ही "चहा घेता का" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहून राहिलो.

आमची ओम्नी तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. २०१० ची, पांढरी, एमएच-३१. तिच्यात आम्ही आठ जण कोंबून रामटेकला गेलो, काटोलहून आईच्या माहेरची संत्री भरून आणली, अन् मे महिन्यात पुढच्या सीटखालून इंजिनाची अशी झळ यायची की बाबा सीटवर ओला टॉवेल टाकून बसायचे. मागच्या दिवाळीनंतर बाबांनी मानेवाडा चौकात डिव्हायडरला गाडी घासली, घरी आले, चावी टेबलावर ठेवली अन् म्हणाले, झालं आता. शहात्तराव्या वर्षी. कोणी सांगायची वेळ येऊ दिली नाही, हे बरं केलं त्यांनी.

भंगारवाला बावीस हजार देत होता. बाबा म्हणाले भंगारात नाही. नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, गडचिरोलीहून, चंद्रपूरहून, तिकडून छिंदवाडा-बालाघाटहून पेशंट येतात, त्यांच्या नातेवाइकांची राहायची सोय करणारी एक छोटी संस्था आहे, तिथं पेशंटला न्यायला-आणायला ऑटोवरच खर्च व्हायचा. त्यांना द्यायचं ठरलं.

आता माझा प्लॅन काय होता तेही सगळ्यांना कळू द्या. गाडी धुवायची, हार घालायचा, चावी द्यायची, फोटो काढायचा. बस. तुमच्याकडे फक्त ऑइल बदलायला आणली होती. तुम्ही ड्रायव्हर सीट उचलून इंजिन पाहिलं, काही बोलले नाही, मग मागचं चाक खोललं अन् ब्रेक शू काढून माझ्या हातावर ठेवला. लायनिंग घासून पार लोखंडाला टेकलं होतं. म्हणाले, "दान देऊन राहिले का खर्च देऊन राहिले?"

राग आला होता मला, खरं सांगतो. घरी येऊन बायकोला म्हटलं, फुकट देऊन राहिलो त्यात हा माणूस बिल वाढवून राहिला. ती म्हणाली, बिल आलं का? नाही आलं. आलं तेव्हा त्यात ब्रेक शू, क्लच केबल, होज पाइप अन् दोन टायर, दुकानाच्या पावत्यांसकट, अन् मजुरीच्या जागी नुसती एक रेघ.

पण मला आठवतो तो दरवाजा. सरकता दरवाजा आमचा सात-आठ वर्षांपासून अडकायचा, घरच्यांना ट्रिक माहीत होती, जरा वर उचलून झटका द्यायचा. मी म्हटलं दरवाजा राहू द्या, चालतो. तुम्ही म्हणाले, "तुम्हाला चालतो. केमो घेऊन आलेल्या बाईनं झटका द्यायचा का?" पूर्ण दुपार तुम्ही त्या रोलरपाशी बसले, जुनं ग्रीस चाकूनं खरवडून काढलं, शेवटी एका बोटानं सरकवून दाखवला. मी तिथंच उभा होतो अन् काय बोलावं सुचेना.

अन् कागदं! मी तर गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ अन् ३० वर बाबांच्या सह्या घेऊन देऊन टाकणार होतो, बाकी संस्था पाहून घेईल. आमच्याच मोठ्या भावानं स्कूटर अशीच विकली होती अन् दोन वर्षं चालान त्याच्याच मोबाईलवर येत होतं, तरी आम्ही शहाणे नाही. तुम्ही म्हणाले नाव चढल्याशिवाय चावी नाही. कोर्टाचंही तेच आहे म्हणे, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. पंधरा वर्षं झाली म्हणून रिपासिंग, म्हणजे पुन्हा रजिस्ट्रेशन, आधी, त्याची फी २०२२ पासून पाच हजार, वरून ग्रीन टॅक्स, नवी नंबर प्लेट, इन्शुरन्स. हे सगळं संस्थेच्या माथी मारणार होतो मी! चेसिस नंबरवरचा मळ पुसून, कागद लावून, पेन्सिल घासत तुम्ही ठसा काढला तेव्हा माझा धाकटा तोंड उघडं टाकून पाहत होता, त्याला वाटलं जादू आहे. बाबांची सही जुन्या सहीशी जुळेना, हात थरथरतो, गिरीपेठेत आरटीओच्या दोन चकरा झाल्या. दुसऱ्या चकरेला तुम्ही दुकान बंद ठेवून सोबत आले. त्या दिवसाचं नुकसान किती झालं ते विचारलं तर तुम्ही पुन्हा चहाच मागवला.

जावई म्हणाले ८०जी ची, म्हणजे दानावर इन्कम टॅक्सची सूट मिळते ती, पावती घ्या. सीएनं सांगितलं वस्तूच्या दानावर ती सूट नाही, फक्त पैशाच्या. बाबा म्हणाले, बरंच झालं. (जावयांचा चेहरा पाहण्यासारखा होता.)

पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खाजगी नंबरच्या गाडीवर, भाडं घ्यायचं नाही, डिझेलपाण्याच्या नावाखाली दहा रुपयेही नाही, हे तुम्ही त्यांच्या ड्रायव्हरला दमात सांगितलं. डिझेल नाही भाऊ, पेट्रोल गाडी आहे, पण मी मधे बोललो नाही.

काल त्याच ड्रायव्हरचा फोन आला. गाडी रोज दोन फेऱ्या मारते, गरम होत नाही. सीटखाली इंजिनापाशी १०-११ चा पाना सापडला म्हणे, दांड्यावर निळी टेप गुंडाळलेला. तुमचाच आहे तो, त्या दिवशी तुम्ही गॅरेजभर शोधत होते. आणून देऊ का तिथंच राहू द्यायचा, तेवढं पोराकरवी कळवा.

तुमचा,
ओम्नीवाल्या काकांचा मोठा