टीव्हीच्या वायरिंगला हो म्हणण्याआधी हे वाचा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल बाबा फोनवर म्हणाले की वायरमन येऊन गेला, हॉलमधल्या बॉक्सला स्प्लिटर (एका वायरच्या दोन-चार करणारा जोड) लावून स्वयंपाकघरात आणि माडीवर पण टीव्ही चालू करून देतो म्हणाला, स्वस्तात होईल. फोनवर नीट सांगता येईना म्हणून लिहितेय, त्याला अजून हो म्हणू नका.

कसंय, सेट-टॉप बॉक्स एकावेळी एकच चॅनल उघडतो. त्याच्या पुढे वायर दोनात फोडा नाहीतर चारात, सगळीकडे तेच दिसणार. बाबांनी हॉलमध्ये सातच्या बातम्या लावल्या की आत पण बातम्याच, आणि आईला मालिका हवी तर कणकेचे हात धुवून रिमोट घ्यायला बाहेर यायचं. आई, तू इतकी वर्षं दुसऱ्यांनी लावलेलंच बघत आलीस, ते पण दारात उभं राहून अर्धं अर्धं. तुझा टीव्ही घ्यायचा तर त्यावर तुझं चॅनल लागलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणजे दुसरा बॉक्स लागणार. आता वायरमन म्हणेल मग बॉक्सच्या आधी स्प्लिटर टाकू, छत्रीकडून येणाऱ्या वायरला. मावशीकडे चालतं ते, कारण तिच्याकडे केबल आहे, सगळे चॅनल एकाच वायरमधून एकदम येतात, स्प्लिटरने फक्त सिग्नल निम्मा निम्मा वाटला जातो. आपल्याकडे छत्री आहे. बॉक्स वायरमधून वर एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोर दांड्यावर बसवलेल्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून ठरतं कुठल्या चॅनलांचा गठ्ठा खाली यायचा. साध्या स्प्लिटरवर दोन बॉक्स लावले आणि एकाने १३ मागितले, दुसऱ्याने १८, की १८ वाल्याचं चालतं आणि दुसऱ्याच्या टीव्हीवर नो सिग्नल. म्हणून त्याला स्पष्ट सांगा, दोन आउटपुटची एलएनबी बसव आणि प्रत्येक बॉक्सला छत्रीपासून वेगळी आरजी-६ वायर (छत्रीची गोल जाड वायर) आण. दुसऱ्या बॉक्सचे महिन्याचे पैसे मी भरते, त्यावरून वाद नको.

माडीवरच्या टीव्हीला मात्र डीडी फ्री डिश पुरे, महिन्याचा खर्च शून्य आणि सह्याद्री त्यावर आहेच. फक्त त्याची छत्री वेगळी लागते, कारण उपग्रह वेगळा.

बाबा, काम चालू असताना तुम्ही जवळ खुर्ची टाकून बसा. जिन्यापाशी सध्या वायर पिळून काळी टेप गुंडाळलीय ना, तो जॉइंट काढायलाच लावा, पावसात चित्र चौकोन चौकोन होऊन फुटतं त्याला ओल धरलेला तो जॉइंटच कारण असणार. कनेक्टर बसवताना मधली तांब्याची तार थोडी बाहेर यायला हवी आणि वायरीतल्या बाहेरच्या जाळीचा एक पण केस तिला लागता कामा नये. आणि गच्चीवरून वायर आत येते तिथे भोकाच्या खाली एक झोल सोडायचा म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून घरात न येता तिथूनच ठिबकून जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५, आणि आपल्या गावभागात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा टीव्ही, बॉक्स, वायरी सगळं खालीच होतं. यावेळी राउटर, इन्व्हर्टर आणि वायरींचे सगळे जॉइंट माडीवरच ठेवायचे, खाली फक्त टीव्ही आणि त्याचा बॉक्स, ते पण भिंतीला उंच आणि पटकन काढता येतील असे. कोयनेतून विसर्ग वाढवला की बाबा रात्रभर बातम्या लावून बसतात, तर निदान वरच्या खोलीतला टीव्ही इन्व्हर्टरवर चालला पाहिजे. जोराच्या पावसात छत्रीचा सिग्नल जातो, तेव्हा इंटरनेटवरून बातम्या लागतील. आपल्या भिंती दोन दोन फुटी, वायफाय भिंतीपलीकडे नीट पोचत नाही, म्हणून वरच्या टीव्हीला राउटरपासून सरळ लॅन वायरच (इंटरनेटची वायर) टाकायला सांगा, ती १०० मीटरपर्यंत चालते, आपलं अंतर काहीच नाही.

बाबा, छत्रीपासून हॉलपर्यंत आणि छत्रीपासून स्वयंपाकघरापर्यंत दोरी लावून मोजा आणि मला कळवा, वायर मी इथून चांगली घेऊन पाठवते. मोजायला गच्चीवर शेजारच्या पोराला चढवा, तुम्ही चढू नका. आई, तुझा टीव्ही ओट्यासमोर लावायचा की फ्रीजच्या बाजूला ते तूच ठरव.

तुमची लेक