पंक्चरवाल्या मामांना, विश्रामबाग, सांगली

मामा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोनवर काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे. पण तुमची नात वाचते, आणि ती हे पत्र तुम्हाला दुकानातच मोठ्यानं वाचून दाखवील अशी सोय मी केली आहे. आभार चारचौघांत मानायचे ते एवढ्यासाठी, की चाळिशी ओलांडलेल्या आणि सायकल न येणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. (पुरुषही आहेत, फक्त ते बोलत नाहीत.) अशा बायका दुकानात गेल्या की ‘उंची किती?’ असं विचारून सायकल पुढ्यात उभी केली जाते. तुम्ही मला आधी विचारलंत, ‘ताई, भ्या कशाचं वाटतंय?’

‘पडायचं,’ मी म्हणाले.

‘पडायचं न्हवं. पाय टेकंना की माणूस घाबरतंय, आणि घाबरलं की पडतंय.’

माझी अख्खी सायकल या एका वाक्यावरून ठरली.

भाच्यानं मला फोनवर एक सायकल काढून दिली होती. जाड टायर, पुढे शॉकअप, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, २१ गिअर. दिसायला झकास. तुम्ही फोटोकडे पाहिलंत आणि दुरुस्तीला आलेली तसलीच एक सायकल माझ्याकडे ढकललीत. ‘उचला.’ पंधरा-सोळा किलो तरी असेल. मी पहिल्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, खाली सायकल ठेवायला जागा नाही, हे तुम्ही तोवर काढून घेतलंच होतं. ‘हिला डोंगर पायजे. आपल्या सांगलीत डोंगर कुठाय?’ खरं आहे. विश्रामबागेतून गणपती मंदिरापर्यंत जा, नाहीतर मिरजेला जा, चढ म्हणावा असा लागत नाही. लागलाच तर पुलावर चढताना. रत्नागिरीत राहणारीनं मात्र हा सल्ला घेऊ नये, तिला गिअर लागणारच. स्वस्त सायकलीतला शॉकअप वजन वाढवतो, आणि पायानं लावलेला थोडा जोर गिळूनही टाकतो, हे तुम्ही शॉकअप हातानं दाबून दाखवलंत. तुम्हाला सायकल विकायची नव्हती. पंक्चर काढणं आणि हवा भरणं हा तुमचा धंदा. तरी अर्धा तास बसलात.

मापाचं सांगते, कारण ते मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. नातीला हाक मारलीत आणि माप घ्यायचं काम तिच्यावर सोपवलंत. मी भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी, दोन पायांच्या मध्ये तिची जाड वही घट्ट वर धरलेली, आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप. दोन बाया सारख्या उंचीच्या असल्या तरी एकीचे पाय लांब असतात आणि दुसरीचं धड, म्हणून नुसत्या उंचीवर भागत नाही. शिवाय २४, २६ इंच हे आकडे चाकाचे. सांगाड्याचं माप वेगळं, आणि एकाच चाकात सांगाडा लहानमोठा मिळतो. तेव्हा आकडा न बघता सीट पार खाली करून बसायचं. दोन्ही तळवे सपाट टेकले तरच पुढचं बोलायचं.

मधली दांडी वरून गेलेली नको, हेही तुम्हीच सांगितलंत. दांडी खाली वाकलेली असली की तोल जाताना पाय सरळ पुढे घेऊन उभं राहता येतं, वरून टांग टाकावी लागत नाही. तिला लेडीज सायकल म्हणतात म्हणून पुरुष तिच्याकडे वळत नाहीत. वयस्कर माणसानं, गुडघे दुखणाऱ्यानं तरी वळायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या शाळेतल्या मुली लेडीबर्डवरून यायच्या. आमच्या घरी दांडीची एकच सायकल, ती भावाची. असो.

मग सायकलीच्या दुकानातून मी तुम्हाला फोन केला. विक्रेता म्हणत होता, २४ ची सायकल शाळकरी मुलींची. तुम्ही म्हणालात, ‘मग आपून बी शाळेतच चाललोय म्हणून सांगा की!’ तो हसला आणि दाखवायला लागला. तुमची बाकीची यादी माझ्या हातात होतीच: चेनला पूर्ण कव्हर, मागच्या चाकाला जाळी, म्हणजे ओढणी आणि सलवार सुरक्षित. ब्रेकचे दांडे दोन बोटांत येतात का ते बघायचं, नाही आले तर तिथला छोटा स्क्रू फिरवून जवळ घ्यायला सांगायचं. रबरी गुटक्यांचे ब्रेक चालतील, गुटके कुठंही मिळतात आणि बदलायला सोपे. ट्यूबचा वॉल्व्ह मोटरसायकलसारखा हवा, म्हणजे तुमचं दुकान बंद असलं तरी पेट्रोल पंपावर हवा भरता येते. किती भरायची ते टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं. मी रस्त्यातले कितीतरी टायर वाकून वाचले तेव्हापासून. लोक बघतात.

सायकल आणली आणि तुम्ही पहिलं काम काय केलंत, तर तिची दोन्ही पायडलं काढलीत! नवीकोरी सायकल, आणि तुम्ही १५ नंबरचा पाना घेऊन बसलात. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतं, हे मला तेव्हा कळलं. पायडलं पिशवीत, सीट खाली, आणि मी कॉलनीच्या मैदानावर पायांनी जमीन रेटत निघाले. पोरं बघत होती. घरी येऊन वाचलं तर १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन द्राइसनं पहिल्यांदा चालवलेल्या दुचाकीलाही पायडल नव्हतंच, तोही पायांनीच ढकलत गेला होता. पोरांना हे सांगितलं. त्यांना काही फरक पडला नाही.

पण तोल तसाच आला. पाय रेटून उचलायचे, ज्या बाजूला कलतंय त्याच बाजूला हॅण्डल थोडं वळवायचं, नजर चाकावर न ठेवता लांब ठेवायची. पाय आपोआप वर राहायला लागले तेव्हा पायडलं परत आली. ब्रेक दाबून एक पायडल वर-पुढे आणायचं आणि त्यावर भार देऊन निघायचं. थांबताना दोन्ही ब्रेक मिळून दाबायचे, पुढच्या चाकाचा, उजव्या हाताचा, एकटा जोरात दाबायचा नाही. मागे धरून पळायला तुम्ही साफ नकार दिलात. ‘धरलेलं सोडलं की पडतंय, न धरलेलं पडत न्हाई.’ मला तेव्हा राग आला होता.

आता मी आमराईपर्यंत जाते, भाजी आणते, आणि रिक्षा जवळून गेली की अजूनही खांदे ताठ होतात.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. पायडलं काढण्या-बसवण्याचे तरी घ्या म्हटलं, तर म्हणालात, पंक्चर झालं की घेईन. अजून झालेलं नाही, त्याला माझा इलाज नाही. म्हणून पुढच्या रविवारी मिरजेहून माझ्या जाऊबाईंना घेऊन येते. त्या माझ्यापेक्षा उंच आहेत आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरतात. नातीला वही तयार ठेवायला सांगा. आणि माझी सीट एक बोट वर घ्यायची आहे, पायडल पार खाली असताना टाच त्यावर ठेवली तरी गुडघा अजून वाकलेला राहतोय. त्याचे पैसे मात्र घ्यायचे.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची ताई